पाषाण तलावावर जावं का? जावं, पण पाणी बघायला

विचारलेलं थोडक्यात असं. वाकडला राहणारं कुटुंब आहे, येत्या थंडीत एका सकाळी पाषाण तलावावर जायचं ठरतंय. सोबत सत्तरीचे वडील (एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली), आई, आणि नऊ नि सहा वर्षांची दोन मुलं. कधी जावं, किती चालावं लागेल, काय दिसेल, दुर्बीण लागतेच का? आणि शेवटी एक ओळ: "ऑफिसातला एक जण म्हणाला, तिथे आता काही राहिलेलं नाही, नुसता वास येतो, त्यापेक्षा भिगवणला जा. खरं आहे का?"

वासाचं खरं आहे. बाकीचं नाही.

मी वीसेक वर्षं लोकांना पुण्याच्या आसपासच्या पाणथळ जागांवर फिरवतोय. भिगवणलाही नेतो. भिगवण म्हणजे उजनी धरणाचं फुगवट्याचं पाणी. तिथे नावाडी तुम्हाला होडीत बसवतो, रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) थव्यापाशी नेतो, बोट दाखवून नावं सांगतो, तुम्ही फोटो काढता आणि माशाचं जेवण जेवून परत येता. मजा आहे, जरूर जा. पण पाषाण ही महानगरपालिकेची जागा. तिथे कुणी काही दाखवत नाही. पाणी, बांध, बाभळी, बांबू आणि पायवाट एवढंच समोर असतं, बाकी आपलं आपण शोधायचं. ज्याला शोधायची सवय नाही तो अर्ध्या तासात "काही नाही इथे" म्हणून बाहेर पडतो. तुमचे सहकारी त्यातले असावेत.

आधी हे पाणी आहे कुठलं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पाषाण तलाव नैसर्गिक नव्हे. इंग्रजी अमलात रामनदीला बांध घालून तो केला. आसपासच्या वस्तीला आणि गणेशखिंडीकडच्या गव्हर्नरच्या निवासस्थानाला पाणी मिळावं म्हणून. लांबी सुमारे सव्वा किलोमीटर, रुंदी पाऊण किलोमीटरच्या आत. रामनदी म्हणजे तरी केवढी? भुकूमजवळ खाटपेवाडीच्या बाजूला उगम, मग भूगाव, बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी, बाणेर करत औंधकडे मुळेला मिळते. जेमतेम वीस किलोमीटरची नदी. पुण्यात तिला अनेक जण नालाच म्हणतात, आणि नाला म्हटलं की त्यात काहीही सोडायची मुभा मिळते. तलाव बांधला तेव्हा वरच्या अंगाला डोंगरउतार, गायरानं आणि भातखाचरं होती. आता वरच्या अंगाला भूगाव-बावधनच्या इमारती आहेत. पूर्वी पावसाचं पाणी मुरत मुरत यायचं, आता काँक्रीटवरून धावत येतं. २०१० च्या ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळच्या पावसात याच छोट्या नदीने काय केलं ते बावधन-पाषाणच्या जुन्या रहिवाशांना विचारा. आणि पाऊस नसतानाही तिच्यात जे वाहतं त्याला आपण सभ्य भाषेत सांडपाणी म्हणतो.

तर हे सगळं येऊन थांबतं ते पाषाणच्या बांधाशी. म्हणून मी लोकांना सांगतो, इथे पक्ष्यांची यादी करायला येऊ नका. पक्ष्यांकडे बघून पाण्याचं काय चाललंय ते ओळखायला या. यादीच्या नादात मीही बरीच वर्षं घालवली. एकदा एका सोसायटीचे चाळीस लोक घेऊन आलो होतो, हातात छोटा ध्वनिक्षेपकसुद्धा होता. दीड तासात आम्ही बत्तीस प्रकार मोजले आणि एकही पक्षी धड पाहिला नाही, कारण आमचा घोळका पुढे सरकला की समोरचं सगळं उडून पलीकडे जायचं. परत जाताना एका आजोबांनी विचारलं, "ते पाण्यावर हिरवं होतं ते काय?" त्याचं उत्तर मी दीड तासात दिलंच नव्हतं. तो ध्वनिक्षेपक नंतर मी कधीच नेला नाही.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येतो. ते हिरवं म्हणजे जलपर्णी. लांबून हिरवळ वाटते, जांभळी फुलं आली की लोक तिच्यासमोर सेल्फी काढतात. मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेची म्हणून जगभर गेली. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळाला आणि हवा उबदार असली की तिचा पसारा दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. तिच्या झाकणाखाली उजेड पोहोचत नाही, म्हणून पाण्यातल्या वनस्पती मरतात. त्या कुजतात, कुजताना पाण्यातला उरलासुरला प्राणवायू खातात. तळाच्या गाळात प्राणवायूच नसला की तिथले जिवाणू गंधकाचा वायू सोडतात आणि तुमच्या सहकाऱ्यांना आला तो सडक्या अंड्याचा वास येतो. पालिका यंत्राने आणि माणसं लावून जलपर्णी काढते. दर वर्षी. पण तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहू शकतं आणि तुटलेल्या तुकड्यातूनही नवं रोप होतं. त्यामुळे वरून सांडपाणी येत राहणार आणि खालून आपण पर्णी उपसत राहणार, हा कार्यक्रम कितीही वर्षं चालू शकतो. माझं मत विचाराल तर यंत्रावरचा निम्मा खर्च बावधनच्या सांडपाणी वाहिन्यांवर करावा. पण मला कुणी विचारत नाही.

हे डोक्यात ठेवून पक्ष्यांकडे वळू.

सगळ्यात आधी शेकाट्या बघा. काळे पंख, पांढरं पोट, सरळ टोकदार चोच आणि गुलाबी पाय इतके लांब की वाटतं कुणीतरी नंतर जोडले असावेत. उथळ पाण्यात टोळीने चरतात, उडाले तर पाय शेपटीमागे काडीसारखे लोंबतात. लोक खूश होतात, "किती शेकाटे!" मी खूश होत नाही. शेकाट्या वाढणं हे घाण वाढल्याचं लक्षण असतं. सांडपाण्याच्या गाळात एका प्रकारच्या चिलटांच्या लालभडक अळ्या असतात. त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या प्राणवायू जवळजवळ नसलेल्या चिखलातही जगतात. बाकीचे किडे मरतात, या अळ्या फोफावतात, आणि शेकाट्यांची पंगत बसते. मुळा-मुठेच्या पात्रातही तुम्हाला हेच दिसेल. शेकाट्याचा यात काही दोष नाही. आपण वाढलंय ते तो खातोय.

याच्या अगदी उलटा म्हणजे कवड्या खंड्या. काळा-पांढरा, कबुतराएवढा. पाण्यावर पाच-सात मीटर उंचीवर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो. तुमच्या सोसायटीच्या तारेवर बसणारा तपकिरी-निळा खंड्या वेगळा. तो नाकतोडे, सरडे, बेडूक काहीही खाऊन घेतो, त्याला पाणी नसलं तरी चालतं. कवड्याचं तसं नाही. त्याला मासा लागतो, आणि वरून मासा दिसायचा तर पाणी मोकळं आणि थोडंतरी नितळ हवं. जिथे कवड्या थांबतो तिथलं पाणी अजून पाणी आहे असं समजा.

या दोन टोकांच्या मध्ये बाकीचे. टिबुकली ही मुठीएवढी पाणबुडी, शेपूट नसल्यासारखी, सारखी बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. तिला पाण्याखाली शिकार करायची असते, म्हणून जलपर्णीच्या चादरीत ती सापडणार नाही, कडेच्या मोकळ्या पाण्यात बघा. जांभळी पाणकोंबडी नेमकी उलट, ती पर्णीच्या आणि पाणकणसाच्या दाटीतच राहते. लाल चोच, लाल कपाळ, उन्हात अंग असं चमकतं की पैठणीचा पदर वाटावा. एका पायात कोवळा देठ धरून पोळीच्या तुकड्यासारखा खाते. पर्णी एका दमात सगळी उपसली की हीच बिचारी उघड्यावर येते. "स्वच्छ केला तलाव" म्हणताना ते लक्षात असू द्या. थोडी दाटी कडेला राहिलेली बरी.

कमळपक्षी तुम्हाला पर्णीच्या पानांवर चालताना दिसेल. त्याची बोटं कोळ्यासारखी लांब असतात, त्यामुळे वजन पसरतं आणि पान बुडत नाही. थंडीत तो साधा तपकिरी-पांढरा दिसतो. लांब काळी शेपटी आणि मानेवरचा सोनेरी पट्टा पावसाळ्यात येतो. त्यांच्या घरात अंडी उबवणं आणि पोरं सांभाळणं नराकडे असतं. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. हे तुमच्या आईंना सांगा, माझ्या सहलींमधल्या सगळ्या आजी या माहितीवर हसतात, आणि आजोबा विषय बदलतात.

बदकांत एक नाव मुलांना नक्की शिकवा, हळदी-कुंकू. काळी चोच, चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी दोन लाल ठिपके, झालं हळदी-कुंकू. इंग्रजी नावात नुसते ठिपके आहेत, आपल्या लोकांनी त्यात सण बघितला. हे इथलेच, बारमाही. पाहुण्यांमध्ये थापट्या बदक बघा, चोच पुढे उलथन्यासारखी पसरट. त्या चोचीच्या कडांना बारीक कंगव्यासारखे दाते असतात, पाणी आत घ्यायचं, दात्यांतून गाळायचं, आतलं सूक्ष्म खाद्य गिळायचं. चार-सहा थापटे मिळून गोल गोल पोहतात, त्याने खालचं खाद्य वर येतं. शेवाळी, भरपूर खाद्याच्या पाण्यात हे गर्दी करतात. भिवई बदक दूर सायबेरिया-मध्य आशियातून येतं. पाहुण्या बदकांत ते सगळ्यांच्या आधी, पावसाळा पुरता संपायच्या आतच, हजर होतं. नराच्या डोळ्यावर पांढरी कोयरीसारखी भिवई असते. पण हे हिवाळ्याच्या सुरुवातीला शोधू नका. आल्या आल्या नर मादीसारख्याच मळकट पिसांत असतात, भिवई उठून दिसते ती जानेवारीनंतर. तलवार बदकाची टोकदार शेपटी लांबूनही कळते.

आणि वारकरी. काळा पक्षी, पांढरी चोच, कपाळावर पांढरा टिळा. नाव कसं पडलं ते सांगायला नको. पाण्यावर घोळक्याने फिरतात. त्यांच्याकडे बघत राहायचं एक खास कारण आहे. विखुरलेले वारकरी अचानक एकमेकांना चिकटून काळा गठ्ठा झाले, तर मान वर करा. वर दलदली हारीण असणार. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून पाणकणसावरून हळूहळू तरंगत जाणारा शिकारी. शोधत बसलात तर तो सापडत नाही, वारकऱ्यांनी सांगितलं की सापडतो.

इथवर वाचून वाटलं असेल की हे सगळं एका सकाळी दिसेल. नाही दिसणार. यातलं निम्मं दिसलं तरी उत्तम. पण जे दिसेल ते कुठल्या पाण्यावर दिसलं याकडे लक्ष ठेवा, एवढंच माझं म्हणणं.

आता तुमच्या प्रश्नांकडे.

महिना म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत कधीही. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली यांच्या वाढदिवसापासून सालिम अली यांच्या वाढदिवसापर्यंत. २०२० पासून सरकारी पातळीवर साजरा होतो. त्या दिवसांत कुठे ना कुठे माहितगारांबरोबरच्या फेऱ्या असतात, नवख्यांनी त्यांपैकी एखाद्या फेरीत घुसावं. मात्र लहान मुलं आणि वडील सोबत असतील तर गर्दीच्या फेरीपेक्षा तुम्ही पाच जणच बरे. आणि शक्यतो रविवार टाळा. शनिवारीही तोच तलाव असतो, माणसं निम्मी असतात.

सकाळीच या, फाटक उघडताना. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, आणि पहिला दीड तास सोन्यासारखा. संध्याकाळही सुंदर असते पण मग डासांची तक्रार माझ्याकडे करायची नाही. पहाटे लवकर गेलात तर अजून एक गोष्ट दिसते जी नऊ वाजता दिसणार नाही. कडेच्या पाण्यात मासे पृष्ठभागाशी तोंड वर करून हपापल्यासारखे करताना. बघणाऱ्याला वाटतं मासे खेळतायत, किंवा भूक लागलीय, आणि तो पावाचे तुकडे टाकतो. मासे गुदमरत असतात. दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं, रात्री तेच शेवाळ तो वापरतं, म्हणून पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो तो सूर्य उगवायच्या जरा आधी. त्यात पाव टाकला की तो कुजून आणखी प्राणवायू खाणार. मुलांना हे दाखवा. दुकानातून पाव आणू नका असं दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदा ते दृश्य पुरतं. हे जे टिकून असतात ते बहुतेक चिलापीसारखे चिवट बाहेरून आलेले मासे.

चालणं. तलावाची आख्खी प्रदक्षिणा डोक्यातून काढून टाका, ते तुमचं उद्दिष्ट नाही. पाषाण–सुस रस्त्याच्या बाजूने आत शिरा आणि बांधाच्या, झाडीच्या अंगाने सावकाश जा. वडिलांना चढउतार फारसा नाही, पण जमीन सगळीकडे एकसारखी नाही, दगड-मुळं आहेत. शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला उंचीपेक्षा असल्या ओबडधोबडीचा त्रास जास्त होतो असा माझ्या सहलींतल्या ज्येष्ठांचा अनुभव. काठी न्या, नको म्हणाले तरी न्या. आणि घडीचं छोटं स्टूल. स्टूल हे मी कुणालाही सांगतो, ज्येष्ठ असो नसो. पक्षी बघायची सगळ्यात चांगली पद्धत म्हणजे एका जागी वीस मिनिटं बसणं. पहिली पाच मिनिटं काही होत नाही. मग टिटवी ओरडायची थांबते. मग वंचक, म्हणजे छोटा तपकिरी बगळा, जो इतका वेळ तुमच्या समोरच चिखलाच्या रंगात मिसळून उभा होता, एक पाऊल टाकतो आणि तुम्हाला कळतं की तो होता. वडील स्टुलावर बसून जे बघतील ते पळणाऱ्या तुम्हा चौघांना दिसणार नाही. त्यांच्याच जागेवरून दिवसाचा सगळ्यात चांगला पक्षी निघाला असं माझ्या सहलींत किती वेळा झालंय.

बसताना सूर्य पाठीशी येईल अशी जागा निवडा. समोर ऊन असलं की पाण्यावरचं सगळं काळं दिसतं, थापट्या काय नि वारकरी काय.

दुर्बीण हवी, पण पाच नकोत. घरात एक आठ बाय बेचाळीसची असेल तर झालं काम. दहा पटीची घेऊ नका, हात हलतो, मुलांना तर काहीच दिसत नाही. दुकानदार मोठा आकडा खपवायला बघतो, ऐकू नका. सहा वर्षांच्या मुलाला दुर्बीण दिली तर तो ती उलटी धरून आजोबांना छोटं करून बघेल, आणि बघू द्या. त्याला पक्षी डोळ्यांनी दिसायला हवेत, त्यासाठी बगळे, पाणकावळे आणि वेडे राघू आहेत. पाणकावळा दगडावर किंवा वाळक्या फांदीवर पंख पसरून वाळवत बसलेला असतो. त्याची वरची पिसं बदकासारखी पाणी झटकत नाहीत, भिजतात, त्यामुळे त्याला खोल बुडी मारता येते आणि मग वाळत घालावे लागतात. दोरीवरच्या धुतल्या कपड्यांसारखा दिसतो, मुलं विसरत नाहीत.

नऊ वर्षांच्या मुलीला एकच काम द्या. टिबुकली बुडाली की मनात आकडे मोजायचे, वर आली की थांबायचं, वहीत लिहायचं. दहा बुड्या. काही बुड्या दहा आकड्यांत संपतील, काही वीसच्या पुढे जातील. का ते तिला विचारा, उत्तर तुम्ही देऊ नका. (खोली, सापडलेला किडा, हुकलेला किडा, काहीही. तीच शोधेल.) चित्र काढायला सांगणार असाल तर रंगापेक्षा पक्षी कुठे होता ते काढायला सांगा: मोकळ्या पाण्यात, पर्णीवर, चिखलात, झाडावर. घरी आल्यावर तो कागद टेबलावर ठेवा. तलावाचा नकाशा तुमच्यासमोर येईल, आणि तो माझ्या यादीपेक्षा खरा असेल.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावायचे प्रकार करू नका. हल्ली मर्लिनसारखी ॲप आवाज ऐकून नाव सांगतात, ते ऐकण्यापुरतं वापरा, ठीक आहे. पण स्पीकरवर हाक वाजवली की पक्ष्याला वाटतं दुसरा कुणी आपल्या हद्दीत घुसला, आणि तो खाणं सोडून भांडायला येतो. एक फोटो मिळतो. त्याची सकाळ जाते. मोठ्या भिंगाचे कॅमेरे घेऊन पाणकणसात शिरणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, नाहीतर उत्तर दुप्पट लांबेल.

किरकोळ गोष्टी. पूर्ण बूट घाला, चपला नकोत. थंडीत साप कमी फिरतात, तरी कडेच्या गवतात पाय टाकण्याआधी बघा. पाण्यात दिसणारी दिवड निरुपद्रवी आहे, घोणस मात्र विषारी. कपडे भडक नकोत, विशेषतः पांढरे, पांढऱ्यातली माणसं पक्ष्यांना फार लांबून दिसतात. पाणी, एखादं फळ, लाडू एवढं न्या आणि कचरा परत आणा. स्वच्छतागृहाच्या भरवशावर राहू नका, घरून आवरून निघा. पाण्यात हात घालायचा नाही, मुलांना आधीच बजावा. कारण वर सांगितलंच आहे.

आणि वासाचं. वारा कुठून आहे त्यावर आहे. बांधाच्या बाजूला पाणी खोल आणि मोकळं असतं तिथे बऱ्याचदा काहीच जाणवत नाही. नदी जिकडून तलावात शिरते तिकडे गाळ, पर्णी, शेकाट्या आणि वास सगळं एकत्र भेटतं. बरेच लोक वास आला की तोंड फिरवतात. तुम्ही पाच मिनिटं थांबा आणि मुलांना सांगा की हे पाणी बावधनवरून येतंय. आपल्याकडचं पाणी कुठे जातं हा प्रश्न मोठी पोरगी विचारेलच. वाकडचं मुळेत जातं. तिला ते माहीत असलेलं चांगलं.

एक जोड सुचवतो, अर्ध्या-पाऊण तासाची. नऊ-साडेनऊला तलावावरून निघालात की परस्पर घरी जाऊ नका, सोमेश्वरवाडीला जा. रामनदीच्या काठचं सोमेश्वराचं देऊळ जुनं, दगडी, शांत आहे. आई-वडिलांना आवडेल, सावलीत बसता येईल. तलावातून सुटलेली हीच नदी देवळाच्या अंगाने पुढे जाते. सकाळी तुम्ही तिला अडवलेलं पाहिलं, इथे वाहताना बघा, रंग आणि फेस दोन्ही बघा. मी शाळेच्या मुलांना नेतो तेव्हा क्रम उलटा ठेवतो. आधी बावधनच्या पुलावरून नदी, मग तलाव, मग देऊळ. तुम्हाला एवढं नको, वडील दमतील.

पाण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो, पुण्याने कधीकाळी तलावाचं पाणी नीट वापरलंही आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या बांधीव नळातून शनिवारवाड्यापर्यंत आणलं, मध्ये जागोजाग हौद आणि उच्छ्वास (हवेसाठीचे झरोके) ठेवून. ते पाणी लोक पीत होते. कात्रजचा तलाव आज पालिकेच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे, मुलांना घेऊन पुढच्या खेपेला तिकडे जा, पण बुधवारी नाही, तेव्हा बंद असतं.

तुमच्या सहकाऱ्यांनाही बरोबर घ्या असं म्हणणार होतो, पण पाच जण पुरे.

एक विनंती. बांधाच्या बाजूच्या मोकळ्या पाण्यावर कवड्या खंड्या एका जागी फडफडत थांबलेला दिसला, तर कुठे आणि किती वाजता ते त्याच वहीत टिबुकलीच्या आकड्यांखाली लिहून ठेवा, आणि मला कळवा. गेल्या दोन हिवाळ्यांत माझ्या वहीत त्याची नोंद फक्त चारदा आहे.